कंप्रेसर ठणठणीत आहे

“काका, दहा वर्षं बघायला नको!”

गोखले रोडवरच्या दुकानातला तो मुलगा हे इतक्या खात्रीने म्हणाला की क्षणभर मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतोय. मी सुखावलो. मग त्याने फ्रिजच्या पाठीवर थाप मारली, बैलबाजारात बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी, आणि खुलासा केला, “कंप्रेसर हो. बाकीच्याला एक वर्ष.”

२२ एप्रिल २०२३, अक्षय्य तृतीया. या दिवशी घेतलेल्या वस्तूचा क्षय होत नाही अशी आपली श्रद्धा. कंपनीची श्रद्धा एक वर्षापुरती. त्यातल्या त्यात कंपनी प्रामाणिक म्हणायची.

ही फ्रिजचा रंग बघत होती, मी कार्डावरची तारीख बघत होतो. कंप्रेसर : २१ एप्रिल २०३३ पर्यंत. माझा जन्म १९५८चा. पासष्ट अधिक दहा ही बेरीज मला कोणी करायला सांगितली नव्हती, पण पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की हात शिवशिवतो. उत्तर आलं पंच्याहत्तर. आणि त्या उत्तराच्या मागोमाग, रेशनच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या माणसासारखा दुसरा एक विचार आत शिरला : म्हणजे हा आपला शेवटचा फ्रिज.

आधीचा चौतीस वर्षं चालला होता. हाही तेवढा चालला, तर पुढचा घ्यायला मी नव्व्याण्णवाव्या वर्षी येणार. तेव्हा हाच मुलगा टक्कल पडलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणेल, “आजोबा, दहा वर्षं बघायला नको.”

“रंग कुठला घ्यायचा?” हिने विचारलं.

“तुला आवडेल तो घे,” मी म्हणालो. आवाज असा काही निघाला की तिने वळून माझ्याकडे बघितलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. रंगाच्या बाबतीत मी इतका उदार कधीच नव्हतो. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि लाल घेतला.

आता मृत्यू हा विषय मला नवा होता असं नाही. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला वर्षातून पाच-सहा वेळा तरी जवाहर बागेत जाऊन बाकावर बसावं लागतं. तिथे बसलेला प्रत्येक जण पंधरा मिनिटांसाठी ज्ञानेश्वर असतो. “काही खरं नाही हो.” “आज आहे, उद्या नाही.” हे असं बोलून होईस्तोवर कोणीतरी हळूच विचारतो, “तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं कुठवर आलं?” आणि मग कार्पेट एरियावर जी चर्चा सुरू होते ती बाहेरच्या टपरीवर चहा संपला तरी संपत नाही. मीही त्यातलाच. प्रवचनं ऐकली, गीतेच्या दोन परीक्षा दिल्या, एकीत बक्षीस मिळालं. आत्म्याला शस्त्र कापत नाही आणि अग्नी जाळत नाही हे मला पाठ होतं. पण त्या आत्म्याला वॉरंटी कार्ड दिलं की काय होतं, याबद्दल तिथे काही सांगितलेलं नव्हतं.

घरी आल्यावर उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरलो, तेव्हा लक्षात आलं की शेवटच्या वस्तूंची खरेदी आपण केव्हाच सुरू केली आहे. कोणी पावतीवर तसं लिहून दिलं नाही इतकंच. मनगटावरचं घड्याळ शेवटचं. सफारी शेवटचा. तो भाचीच्या लग्नात शिवला तेव्हा शिंपी म्हणाला होता, थोडा सैल ठेवतो, पुढे लागेल. पुढे लागला नाही. उलट मीच आतल्या आत मागे सरकतोय. कुकरचं तर विचारूच नका. रिंग आणि शिट्टी बदलत राहिलं की कुकर घरातल्या कोणाच्याही आधी जात नाही. दिवाणावरची गादी शेवटची, भिंतीतलं कपाट शेवटचं, आणि हिने परवा हौसेने घेतलेला बारा माणसांचा डिनर सेट तर पहिला आणि शेवटचा, कारण बारा माणसं एकदम येणार कुठून?

छत्री मात्र शेवटची नसते. छत्र्या हरवतात. दर पावसाळ्यात एक तरी लोकलमध्ये राहते आणि नवी घ्यावी लागते. तोपर्यंत ज्या वस्तूला मी जन्मभर शिव्या घातल्या तिच्याविषयी मला एकाएकी फार आपुलकी वाटली.

आमच्या खात्यात प्रत्येक वस्तूला आयुष्य ठरवून दिलेलं असायचं. जीपला इतकी वर्षं, पंपाला इतकी, टंकलेखन यंत्राला इतकी. दर वर्षी घसारा धरायचा आणि किंमत शून्याला टेकली की निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायचा. वस्तू चालू आहे की बंद, याच्याशी प्रस्तावाला कर्तव्य नसे. एकदा एका रोडरोलरचं निर्लेखन मंजूर होऊन आलं, तेव्हा तो रोलर ऑफिससमोरच खडी दाबत होता. मी कागद घेऊन बाहेर गेलो. चालकाने खाली उतरून तो वाचला, नीट घडी करून खिशात ठेवला, पुन्हा वर चढला आणि रोलर सुरू केला. त्या माणसाची मला हल्ली फार आठवण येते.

धरणालाही आयुष्य असतं. नदी नुसतं पाणी आणत नाही, गाळही आणते, आणि तो तळाशी बसत जातो. म्हणून धरण बांधतानाच खालचा एक भाग हिशेबात सोडून द्यायचा. तिथलं पाणी पाणी सोडायच्या दाराच्याही खाली असतं, ते कधी कालव्यात जाणार नाही, कोणाच्या नळाला येणार नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. जूनमध्ये पाऊस लांबला की वर्तमानपत्रं जे टक्के छापतात, ते याच्या वरच्या, उपयुक्त साठ्याचे. तेहतीस वर्षं मी हा शब्द रोज लिहिला आणि त्यात मला कधी काही दिसलं नाही. दिसलं ते जुना फ्रिज रिकामा करायला बसलो तेव्हा.

त्या मोतिया रंगाच्या, कुलूप-किल्लीच्या, १६५ लिटरच्या फ्रिजला मागे उजवीकडे एक कोपरा होता, जिथे हात पोचायचा नाही. तिथून निघालं : तळाला अडीच फोडी उरलेलं लोणचं, खजुराची अर्धी चटणी, एक स्टीलची डबी, जिच्यात काय आहे यावर आमचं आजतागायत एकमत झालेलं नाही, शेजाऱ्यांचा वाडगा, जे शेजारी घर विकून नाशिकला गेले. आणि दारातल्या खणात आईचे डोळ्यांत घालायचे थेंब. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. थेंबांची मुदत तर तिच्याही आधी संपलेली. ते कोणी मुद्दाम ठेवले नव्हते आणि कोणी टाकलेही नव्हते. लोणचं गेलं, चटणी गेली, डबी न उघडताच गेली. ती बाटली हिने पदराने पुसली आणि नव्या फ्रिजच्या दारात ठेवली. मी काही बोललो नाही. नव्या धरणातही मृतसाठ्याची सोय करावीच लागते.

फ्रिज येऊन आठवडा झाला तरी माझी बेरीज-वजाबाकी थांबेना. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. ते आयुर्विम्यातून निवृत्त झालेले. लोकांच्या मरणाच्या आकड्यांत हयात घालवल्यामुळे त्यांचा चेहरा कायम प्रसन्न असतो. मी त्यांना म्हटलं, “भारतातलं सरासरी आयुर्मान सत्तर. म्हणजे माझी पाच वर्षं राहिली.”

“छे छे! अहो, सरासरी अशी नाही वाचायची,” ते म्हणाले. “त्या सत्तरमध्ये पाळण्यात गेलेली पोरंसुद्धा धरलेली असतात. तुम्ही ती भानगड पार करून आलात. ज्याने साठी गाठली त्याला पुढे आणखी सरासरी अठरा वर्षं मिळतात. तुम्ही तर पासष्टला पोचलात, म्हणजे आकडा अजून पुढे सरकला. सत्तरला पोचलात की आणखी सरकेल.”

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात हेच चाललंय. जवळ जावं तसा ताबा पुढे सरकतो. पण तिथे चिडणारा मी, इथे मला फार बरं वाटलं.

“म्हणजे असं सरकतच राहणार?”

“राहणार की.”

“आणि शेवटी?”

“शेवटी क्लेम,” काका म्हणाले आणि पोह्यांची बशी पुढे केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. पेन्शनरला वर्षातून एकदा, आपण आहोत, असं सही करून सांगावं लागतं. एरवी मनुष्य आहे की नाही याची विचारपूस करणारं दुसरं कोणी उरलेलं नसतं, त्यामुळे मला हा विधी आवडतो. कोषागारातून आलेली यादी असते, आपल्या नावापुढे सही करायची. माझ्या वरच्या नावापुढची जागा रिकामी होती. “हे आले नाहीत का?” मी विचारलं. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, “त्यांना अजून तीस तारखेपर्यंत मुदत आहे.”

मी सही केली. जरा ठसठशीतच केली. रिकाम्या जागेखाली सही करताना माणसाला मनातून जे वाटतं ते यक्षाला सांगून युधिष्ठिराने पैकीच्या पैकी गुण मिळवले : रोज माणसं जाताना दिसतात, तरी मागे राहिलेल्यांना वाटतं आपण राहणार, यापरतं आश्चर्य नाही. उत्तर बरोबरच आहे. पण चार भाऊ शेजारी मरून पडलेत, घशाला कोरड पडली आहे आणि हा गृहस्थ तळ्याकाठी उभा राहून शांतपणे तोंडी परीक्षा देतोय, हे आश्चर्य आहे असं त्या यक्षाला वाटलं नाही, हेही एक आश्चर्यच.

फ्रिज बंद पडला २३ एप्रिल २०२४ ला. वर्षाची वॉरंटी संपून बरोबर दोन दिवस झाले होते. त्यातून हनुमान जयंती, म्हणजे साक्षात चिरंजीवाचा वाढदिवस. सकाळी दूध काढायला गेलो तर आत दिवा लागतोय, पण दूध कोमट. आदल्या दिवशीचं श्रीखंड पुन्हा दही होण्याच्या बेतात.

तक्रार नोंदवली. एका यंत्राने माझी तक्रार ऐकून घेतली, दुसऱ्या यंत्राने तिला क्रमांक दिला आणि तिसऱ्याने मला सेवेविषयी पाचपैकी किती तारे देणार असं विचारलं. सेवा अजून व्हायची होती. तंत्रज्ञ वागळे इस्टेटहून येणार होता. आमच्या घरापासून चार-साडेचार किलोमीटर. मी स्वयंपाकघरात स्टूल टाकून, दाराच्या बेलकडे कान लावून पेपर वाचत बसलो. आणि तिथे मला व्हॉयेजर भेटलं.

हे यान अमेरिकेने ५ सप्टेंबर १९७७ ला सोडलं. योजना जेमतेम पाच वर्षांची : गुरू बघायचा, शनी बघायचा, काम संपलं. आमच्या खात्यात असतं तर १९८२ मध्ये त्याचं निर्लेखन झालं असतं. ते यान आमच्या त्या रोलरच्या चालकासारखं पुढे चालतच राहिलं. सूर्याचा वारा जिथे थकतो ती वेससुद्धा २०१२ मध्ये ओलांडून गेलं. आता ते २,४०० कोटी किलोमीटरवर होतं आणि आदल्या नोव्हेंबरपासून बरळत होतं. म्हणजे बोलत होतं, पण त्यातून अर्थ निघत नव्हता. त्याच्या संगणकातली एक चिप गेली होती. त्या संगणकांची सगळी स्मरणशक्ती एकत्र केली तरी व्हॉट्सॲपवरच्या एका गुलाबाच्या फुलासकटच्या ‘सुप्रभात’ला पुरणार नाही. इथल्या लोकांनी काय करावं? त्या मेलेल्या कोपऱ्यातला मजकूर बाहेर काढला, त्याचे तुकडे केले आणि उरलेल्या जागेत जिथे जिथे फट सापडली तिथे तिथे ते बसवले. (आमच्या घरी फ्रिज याच पद्धतीने लावला जातो.) निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. २० एप्रिलला उत्तर आलं. पाच महिन्यांनी यान शुद्धीवर आलं होतं.

मी मुद्दाम घड्याळ लावून बसलो. पंचेचाळीस तास झाले. व्हॉयेजरचं उत्तर एव्हाना आलं असतं. वागळे इस्टेटचा फोन लागत नव्हता.

त्या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. वाटेत कोणी भेटलंच तर असावी म्हणून. तिच्यावर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यात आपला मराठीतलाही आहे. आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई. यान सुटलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्या पंच्याऐंशीच्या. यान निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, त्या गेल्या. भैरवी म्हणजे मैफल संपताना गायचा राग. भैरवी सुरू झाली की लोक चपला शोधायला लागतात. आणि ही अशी भैरवी, की गाणारी गेली, तबला गेला, समोर बसलेले बहुतेक गेले, आणि ती निघाली आहे ती अजून चाललीच आहे. स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला. हातात वाटी होती, वाटीत नासलेलं दूध होतं, आणि ते ओतून द्यायचं मी विसरून गेलो.

तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. पंचविशीतला, पाठीला सॅक. त्याने फ्रिज पुढे ओढला, मागची पट्टी काढली, दोन ठिकाणी मीटर लावला आणि एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखा सुस्कारा सोडला.

“कार्ड गेलंय, काका. म्हणजे मेंदू. त्याला एकच वर्ष होतं. साडेचार हजार होतील.” मग माझा चेहरा बघून त्याला कणव आली असावी. “पण कंप्रेसर ठणठणीत आहे!”

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत डॉक्टर दर महिन्याला यायचे, नाडी बघायचे, छातीला नळी लावायचे आणि म्हणायचे, “हार्ट विशीतल्या मुलीसारखं आहे आजींचं.” आजी त्यांना विचारायच्या, “तू कोणाचा रे?” देव्हाऱ्यातली समई एकदा त्याच जुन्या फ्रिजमध्ये सापडली होती आणि भाजी देव्हाऱ्यात. एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि अगत्याने म्हणाली, “माझा मुलगा धरणावर असतो. एवढ्यात येईल. तो आला की तुम्हीही जेवूनच जा.” मी जेवून गेलो.

कार्ड बदललं. फ्रिज पुन्हा सुरू झाला. त्याची मागची बाजू गरम लागते म्हणून हिने तक्रार केली, तर तो मुलगा म्हणाला, “मावशी, आतली गर्मी बाहेर टाकतोय तो. आत गार ठेवायचं तर बाहेर गरम होणारच.” फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली बंद केली तर खोली गार होत नाही, उलट आणखी तापते, हे मी कॉलेजात शिकलो होतो. तेव्हा ते फक्त पाच गुणांसाठी होतं. चार वाट्या वरण शिळं होऊ नये म्हणून सगळं घर थोडं थोडं जुनं होत असतं, हे त्या वयात कोणाला सुचणार?

दूर गेलेल्या यानावरून मला माझा स्वतःचा धूमकेतू आठवला. माझा म्हणजे हॅलेचा. मार्च १९८६. मी भातसा खोऱ्यातल्या एका साइटवर होतो. नवाकोरा, अठ्ठावीस वर्षांचा कनिष्ठ अभियंता. हॅले दर शहात्तर वर्षांनी येतो, आता चुकला तर चुकला, अशी तेव्हा हवा होती. पहाटे चारला उठून आम्ही सहा जण टेकाडावर गेलो. दुर्बीण नव्हती. पण सरकारी डंपी लेव्हल होती, जमिनीचे चढउतार मोजायची. तिला चांगली भिंगं असतात. पंचाईत एकच, त्या जुन्या लेव्हलमधून सगळं उलटं दिसतं. आम्हाला सवय होती. पट्टीवरचे आकडे आम्ही उलटेच वाचायचो. पण धूमकेतू कसा वाचायचा? आग्नेयेला खालच्या बाजूला एक पुसट, कापसाच्या बोळ्यासारखा ठिपका सापडला. आता शेपूट वर आहे की खाली, यावर दोन अभियंते आणि एक आरेखक यांच्यात वाद पेटला. उपअभियंता साहेबांनी निर्णय दिला की दिसतंय वर म्हणजे आहे खाली. शेवटी चौकीदाराला बघू दिलं. त्याने एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “साहेब, काचेवर डाग हाय का?”

म्हणजे शहात्तर वर्षांतून एकदा येणारी गोष्ट मी बघितली ती डागासारखी आणि उलटी. मार्क ट्वेनचं नशीब बघा. १८३५ मध्ये हॅले आला तेव्हा तो जन्मला आणि १९१० मध्ये पुन्हा आला तेव्हा गेला. त्याच्या कार्डावरच्या दोन्ही तारखा वरूनच छापून आल्या होत्या.

१९८६ नंतर हॅले लांब लांब जात राहिला, नेपच्यूनच्याही पलीकडे. तिथे त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरसुद्धा राहत नाही. धूमकेतूंच्या मानाने ही आपल्या घोडबंदर रोडची गत झाली. आणि ९ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे मी बँकेत ठसठशीत सही करून आलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी, तो सर्वांत लांबच्या टोकाला पोचला आणि वळला. कोणाला काही दिसलं नाही, आवाज झाला नाही. इतक्या अंधारात, इतक्या थंडीत, बघणारं कोणी नसताना एक बर्फाचा डोंगर मुकाट्याने वळतो आणि घरी यायला निघतो. ही बातमी मी हिला सांगितली तेव्हा ती मटार सोलत होती. “कधी पोचणार?” तिने विचारलं, पाहुण्यांच्या गाडीची वेळ विचारावी तसं.

“२०६१. जुलैच्या शेवटी.”

“जुलैत?” ती म्हणाली. “म्हणजे पावसात. दिसायचा नाही.”

सप्टेंबर २०२४ मध्ये येऊरला कारवी फुलली. कारवी म्हणजे एरवी दुर्लक्ष करण्याजोगं झुडूप. सात-आठ वर्षं नुसती पानं काढत डोंगराला धरून बसतं. मग एका वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो. बी धरलं की ती सगळी झाडं मरतात. आमच्या बाजूच्या डोंगरात ती २००८ मध्ये फुलली होती, तेव्हा मी ऑडिटमध्ये होतो. २०१६ मध्ये फुलली, तेव्हा मी निवृत्त होऊन पेन्शनचे कागद घेऊन तीन ऑफिसांतून फिरत होतो. या वेळी ही म्हणाली, “आता कसलं निमित्त राहिलंय तुमच्याकडे?” तेव्हा गुडघा दाखवला. तो चालला नाही.

सहा वाजता निघालो. वर पोचलो आणि दोघंही गप्प झालो. फुलांचं वर्णन मी करणार नाही, ते मला येत नाही. अंदाजपत्रक करायला सांगाल तर सांगतो, नजर पोचते तिथवर. मला छळत होता तो वेगळाच प्रश्न. एवढ्या डोंगरावरच्या एवढ्या झाडांना, हेच ते वर्ष, हे कळतं कसं? आमच्या सोसायटीत बुधवारी पाणी नाही हे तीन ठिकाणी फलक लावून, ग्रुपवर टाकून आणि वॉचमनला घरोघर पाठवूनही बुधवारी सकाळी निम्म्या बिल्डिंगच्या अंगाला साबण असतो.

वाटेत पाड्यावरची एक बाई रानभाजी घेऊन बसली होती. ही तिच्याजवळ टेकली. तिने सांगितलं, तिच्या घराच्या कुडाच्या भिंती कारवीच्याच काठ्यांच्या आहेत, वरून शेणमातीने लिंपलेल्या. मी माझं ज्ञान पाजळलं, “आता फुलली, म्हणजे ही सगळी मरणार.”

“मरनारच की,” ती म्हणाली. “मरंल तवा काठी भेटंल.” पैसे कनवटीला लावता लावता तिने आम्हाला सूचनाही केली, “पुढल्या टायमाला येवढा उशीर करू नका. उन्हं चढत्यात.”

पुढल्या टायमाला म्हणजे २०३२ ला. तिने हे असं सांगितलं, जसं काही आम्ही येत्या मंगळवारी येणार आहोत.

रात्री पाणी प्यायला उठलो. फ्रिजच्या दारावर दुधाच्या हिशेबाच्या कागदाशेजारी, गणपतीच्या चुंबकाखाली हिने एक नवी चिठ्ठी लावली होती : ‘कारवी. सप्टें. २०३२. येऊर. पहाटे ५ ला निघणे. डबा.’ मी आतलं वॉरंटी कार्ड काढून पाहिलं. कंप्रेसर २०३३ पर्यंत. बसत होतं.

दुसऱ्या आठवड्यात गुडघ्यासाठी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, आता बदलायला झालाय, पण घाई नाही.

“बदलला तर किती वर्षं चालतो?” मी विचारलं.

“पंधरा. जपून वापरला तर वीसही.”

ही शेजारून म्हणाली, “मग २०३१ मध्ये करू या. म्हणजे कारवीला ताजा असेल.”

डॉक्टर चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिले. मी मात्र मनात २०३१ मध्ये वीस मिळवत होतो. २०५१.

“दहा वर्षं कमी पडतायत, डॉक्टर,” मी म्हणालो.

“कशाला कमी पडतायत?”

मी उत्तर द्यायच्या आत हिने फाइल पिशवीत घातली आणि सांगून टाकलं, “यांना एक धूमकेतू बघायचाय. मागच्या वेळी उलटा बघितला होता.”